पाळी थांबली, नडगी दुखतेय आणि वेळही सुधारत नाही

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, चार वर्षांपासून लांब पल्ल्याचं धावते. वर्षभरापूर्वी वजन ५६ किलो होतं, आता ५२ आहे. आठवड्याला ७० किमी होतात, त्यातले २६ रविवारी. शिवाय दोन दिवस जिम. सकाळी उपाशीपोटीच धावते. अ‍ॅपवर रोजच्या १,७५० कॅलरी दिसतात. खाणं अगदी चोख आहे : सॅलड, भाज्या, फळं, कडधान्यं, अंडी, भात आणि गोड जवळपास बंद. वजन उतरलं तशी १० किमीची वेळ ५१ वरून ४८ मिनिटांवर आली, पण गेले चार महिने ५० च्या आत येत नाही. पाच महिने पाळी नाही. सोबतच्या मुली म्हणतात, एवढं धावल्यावर असं होतंच. डॉक्टरांनी पाळी आणायच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, अजून घेतलेल्या नाहीत. उजवी नडगी तीन आठवडे दुखतेय. झोपेतून उठल्यावर नाडी ४४ असते. मॅरेथॉन १४ आठवड्यांवर आहे आणि प्रशिक्षक म्हणतात आणखी दोन किलो उतरव. काय करू?

उत्तर : आधी नडगीचं, कारण ते थांबू शकत नाही. आजपासून धावणं बंद. नडगीच्या हाडावरून बोट दाबत खाली या. दुखरी जागा एक-दोन बोटांएवढीच असेल, तिथे दाबल्यावर कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना किंवा रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला गेलेल्या बारीक चिरेचा, संशय घ्यायचा. दुखणं हाडाच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेलं असेल आणि अंग गरम झालं की कमी होत असेल, तर ते बहुधा हाडाच्या आवरणाचं आणि स्नायूंचं आहे. पण तुमची पाळी पाच महिने बंद आहे, त्यामुळे बोटाच्या तपासणीवर विसंबू नका, खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या ऑर्थोपेडिककडे या आठवड्यातच जा. पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. खात्री एमआरआयने होते. दुखणं नडगीच्या पुढच्या कडेवर असेल तर ते जास्त जोखमीचं, हेही डॉक्टरांना सांगा. आणि कधीही जांघेत खोलवर दुखायला लागलं तर घरापर्यंतही धावत येऊ नका. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेली चीर पूर्ण फ्रॅक्चरमध्ये बदलू शकते.

आता मूळ प्रश्न. नडगी, पाळी, नाडी आणि अडकलेली वेळ या चार गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. पत्रातले आकडे पाहता त्या एकाच कारणाच्या असण्याची शक्यता फार मोठी आहे. तुम्ही जेवढं खर्च करता, त्या मानाने खाता कमी. १९९७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनने खेळाडू मुलींमधल्या तीन गोष्टींचं त्रिकूट मांडलं : खाण्याच्या बिघडलेल्या सवयी, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ती कक्षा वाढवली, कारण परिणाम हृदय, थायरॉइड, पचन, प्रतिकारशक्ती, मन आणि कामगिरी इथवर जातात आणि पुरुष खेळाडूंनाही होतात. डॉक्टरांशी बोलताना ‘रेड-एस’ (खेळाडूच्या शरीरातली सापेक्ष ऊर्जा-तूट) हा शब्द वापरा, पुढचं बोलणं सोपं होईल.

‘१,७५० काही कमी नाही’ असं तुम्हाला वाटत असणार, म्हणून तुमचाच हिशेब मांडतो. धावताना ढोबळमानाने दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. आठवड्याचे ७० किमी म्हणजे रोजचे सरासरी १०. ५२ किलोला ५२० कॅलरी. १,७५० मधून त्या वजा केल्या की उरतात १,२३०. एवढ्यात हृदय, मेंदू, यकृत, हाडांची डागडुजी, पाळी, ऊब आणि दिवसभराची ऊठबस हे सगळं भागवायचं. या उरलेल्या कॅलरींना चरबी सोडून उरणाऱ्या वजनाने भागतात. तुमच्या शरीरात १९ टक्के चरबी धरली तर ते वजन ४२ किलो. १,२३० भागिले ४२ म्हणजे २९. याला ऊर्जा उपलब्धता म्हणतात. प्रौढ स्त्रीला सगळी कामं नीट चालायला दर किलोला सुमारे ४५ लागतात. ३० च्या खाली गेल्यावर बिघाडाची शक्यता बरीच वाढते. रविवारी २६ किमीला १,३५२ कॅलरी जातात. त्या दिवशीही १,७५० च खाल्ल्या तर उपलब्धता साडेनऊवर येते. जिमचे दोन दिवस तर यात धरलेलेच नाहीत.

तीस ही काही दगडावरची रेघ नव्हे. एखादीची पाळी ३५ वर बिघडते, एखादीची २८ वरही टिकते, आणि घरच्या घरी केलेल्या मोजणीत दोनेकशे कॅलरींची चूक सहज होते. तरी उलटं गणित करून पाहा : ४२ गुणिले ४५ म्हणजे १,८९०, त्यात धावण्याच्या ५२०. रोजच्या सरासरी २,४०० च्या आसपास. तुमची तूट साडेसहाशेची आहे, आणि वजन आता उतरत नसलं तरी ती तूट नाही असा अर्थ होत नाही. शरीराने खर्च कापून जमाखर्च जुळवलेला असतो. ओढगस्तीच्या घरात आधी दुरुस्त्या थांबतात आणि चूल पेटती राहते, तसंच. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ऊर्जेची चणचण कळली की तो बीजकोशांकडे जाणारे संदेश विरळ करतो, बीज पक्व होत नाही, इस्ट्रोजेन घसरतं आणि पाळी थांबते. सोबत थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक टी-३ आणि चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन उतरतात, ताणाचं संप्रेरक कॉर्टिसोल चढतं. तुमची ४४ ची नाडी पूर्णपणे सरावाची कमाई असेलच असं नाही. काटकसरीतही नाडी अशीच मंदावते. हातपाय सतत गार, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, पोट फुगणं, बद्धकोष्ठ, रात्री तीनला जाग, क्षुल्लक गोष्टीवर रडू येणं, यांतलं काही असेल तर लिहून ठेवा.

हे व्हायला महिने लागत नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नियमित पाळी असलेल्या, खेळाडू नसलेल्या तरुणींची ऊर्जा उपलब्धता पाच दिवस वेगवेगळ्या पातळ्यांवर ठेवली होती. तीसच्या खाली गेलेल्यांच्या एलएच या बीजकोशांना संदेश देणाऱ्या संप्रेरकाचे झटके पाच दिवसांतच विरळ झाले. हाड बनवण्याच्या खुणाही तेवढ्याच काळात उतरतात. पाळी मात्र नंतर कधीतरी चुकते. म्हणून पाळी थांबलेली कळते तेव्हा आतला बिघाड बऱ्याचदा जुना झालेला असतो. आधी बीज सुटायचं बंद होतं आणि रक्तस्राव तारखेला येत राहतो; मग पाळी ३५ दिवसांच्या पुढे सरकते; मग थांबते.

‘एवढं धावल्यावर असं होतंच’ हे म्हणूनच अर्धं खरं. होतं पुष्कळ जणींना, पण धावण्याने नव्हे. त्याच प्रयोगमालिकेतून दिसलं की व्यायाम कितीही असो, त्याच्या खर्चाइतकं खाणं वाढवलं तर एलएचचे झटके टिकतात. आठवड्याला १०० किमी धावून पाळी नियमित असलेल्या बायका आहेत. सलग तीन महिने पाळी नाही आली तर ती वैद्यकीय तक्रार मानायची, अगदी ऑलिम्पिकपटूनेसुद्धा.

वेळेचं कोडंही यातच सुटतं. वजन उतरताना सुरुवातीला वेळ सुधारते, कारण फिटनेस तसाच असतो आणि ओझं कमी होतं. हेच सगळ्यात फसवं आहे. त्या तीन मिनिटांमुळेच प्रशिक्षक आणि तुम्ही दोघंही वजनाच्या मागे लागलात. पुढे स्नायूंमधला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा भरत नाही, जोराच्या सरावात जोर लागत नाही, स्नायूंची बांधणी मंदावते आणि केलेला सराव अंगी लागत नाही. किशोरवयीन जलतरणपटू मुलींच्या १२ आठवड्यांच्या एका अभ्यासात, मुली मोजक्याच होत्या, पण सराव सगळ्यांचा एकाच पद्धतीचा होता. पाळीचं चक्र सुरळीत असलेल्यांचा ४०० मीटरचा वेग ८.२ टक्क्यांनी वाढला, बीजकोश दबलेल्यांचा ९.८ टक्क्यांनी घटला. आणखी दोन किलो उतरवून तुमची वेळ ४८ च्या खाली येणार नाही. हा सल्ला मानू नका.

आता गोळ्या. पाच-दहा दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या थांबवल्यावर येणारा रक्तस्राव हा गोळी थांबल्याचा असतो. तपासणी म्हणून त्याला किंमत आहे : स्राव आलाच नाही तर इस्ट्रोजेन फार कमी असल्याची ती एक खूण. गर्भनिरोधक गोळ्या दर महिन्याला स्राव आणतात आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो, पण अपुऱ्या खाण्याने झिजणारं हाड त्या वाचवत नाहीत. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जाताना आयजीएफ-१ हे हाडाला लागणारं द्रव्य कमी करतं, हे त्याचं एक कारण. वर, पाळी परत आली की नाही हे कळायची तुमच्याकडची एकमेव फुकटची खूणही झाकली जाते. खाणं सुधारून सहा महिने ते वर्षभर उलटलं आणि तरी पाळी नाही, हाडं कमजोर, असं असेल तर त्वचेवर लावायचा इस्ट्राडिओलचा पॅच आणि सोबत ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन हा पर्याय डॉक्टर विचारात घेतात. तोही खाण्याच्या जोडीला, खाण्याऐवजी नव्हे.

पाळी थांबण्याची इतर कारणं आधी वगळायला हवीत, हे डॉक्टरांचं काम. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस, बीजकोश अकाली थकणं. त्यासाठी गर्भधारणा चाचणी, टीएसएच, टी-३, प्रोलॅक्टिन, एलएच, एफएसएच, इस्ट्राडिओल. जोडीला हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व. सोनोग्राफीत बीजकोशावर पुष्कळ लहान पुटकुळ्या दिसल्या म्हणून लगेच पीसीओएसचा शिक्का मारून घेऊ नका. अपुऱ्या खाण्याने पाळी थांबलेल्या मुलींमध्येही त्या दिसतात, आणि पीसीओएससाठी ‘वजन कमी करा’ हा नेहमीचा सल्ला तुमच्या बाबतीत घातकच ठरेल. नाडी ४० च्या खाली जात असेल किंवा चक्कर येत असेल तर ईसीजी. स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं तर कंबरेच्या मणक्यांचा आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. निघालं नाही तरी पाळी सहा महिने बंद राहिली की तो करायचाच. अहवालात तुमच्या वयासाठी झेड-स्कोअर, म्हणजे समवयस्कांच्या तुलनेतला आकडा, पाहतात. धावपटूंची हाडं इतरांपेक्षा मजबूत असायला हवीत, म्हणून उणे एकच्या खालचा आकडासुद्धा ‘नॉर्मल’ म्हणून सोडून द्यायचा नाही. हाडांचा साठा तिशीच्या आतच भरून घ्यायचा असतो. तुमच्या हातात थोडीच वर्षं आहेत.

खाण्याचं आजपासून. पहिली चूक बहुतेक जणी करतात ती अशी : दुखापत झाली, धावणं बंद, म्हणून खाणंही कमी. मोडलेलं हाड जुळायला ऊर्जा लागते आणि तूट तर आधीचीच आहे. १,७५० वर ३५० लगेच वाढवा, दहा दिवसांनी आणखी ३००. सगळं एकदम वाढवलं तर पोट फुगतं आणि मन माघार घेतं. धावणं बंद असताना हा आकडा गरजेपेक्षा जास्त वाटेल. मागची बाकी फेडायला तो लागतो.

वाढ कुठून? सॅलडातून नक्कीच नाही. तुमचं ताट मोठं आहे आणि त्यात कॅलरी कमी. चोथ्याने पोट भरतं आणि भूक मरते. कच्च्या भाज्यांचा वाडगा निम्मा करा आणि त्या जागी भात परत आणा. शिजलेल्या एका कपात सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदकं असतात, तुम्हाला सरावाच्या काळात दिवसाला किलोमागे ५ ते ७ ग्रॅम, म्हणजे २६० ते ३६० ग्रॅम लागतात. भाजीवर वरून एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, मूठभर बदाम किंवा शेंगदाणे म्हणजे १७०. एवढ्यानेच पहिल्या ३५० मधल्या २९० होतात आणि पोटाला जडही वाटत नाही. प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास पुरेत, म्हणजे ८०-८५ ग्रॅम, चार-पाच वेळांत वाटून. कॅल्शियम अन्न आणि गोळी मिळून दिवसाला १,५०० मिलिग्रॅमपर्यंत. ड जीवनसत्त्वाची मात्रा अहवालानुसार.

वेळ पाळणं बेरजेइतकंच महत्त्वाचं. दिवसाची बेरीज बरोबर असूनही जी सकाळी उपाशी धावते, अकरापर्यंत काही खात नाही आणि रात्री सगळं भरून काढते, तिचं शरीर दिवसातले कित्येक तास तुटीत असतं; अशा मोठ्या तुटींचा संबंध वाढलेल्या कॉर्टिसोलशी आणि घटलेल्या इस्ट्रोजेनशी दिसून आलेला आहे. धावणं पुन्हा सुरू होईल तेव्हा उपाशीपोटी एकही दिवस नको. निघण्याआधी २०-३० मिनिटं एक मोठं केळं. २५-३० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. पाऊण तासाच्या धावण्यात मध्ये काही लागत नाही. दीड तासापुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम : जेल, खजूर, साखर-मिठाचं पाणी, जे पोटाला मानवेल ते. पहिल्या २० मिनिटांतच सुरू करायचं, थकल्यावर नव्हे. परतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ५०-५५ ग्रॅम कर्बोदकं आणि १५-२० ग्रॅम प्रथिनं. अर्धा लिटर दूध आणि एक मोठं केळं यात हे जमतं. जोराच्या सरावानंतर तासभर भूक लागत नाही. ती लागायची वाट पाहू नका, घड्याळ पाहून खा. फेरिटिन कमी निघालं आणि लोहाची गोळी मिळाली तर ती सकाळी, धावून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्या, चहा-कॉफीपासून लांब आणि दुधाआधी थोडा वेळ सोडून. व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन हे लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक वाढतं आणि लोह कमी शोषलं जातं.

वजन वाढेल, आणि ते वाढायला हवंय. पहिल्या आठवड्यातला किलो-दीड किलो बहुतांशी ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचं पाणी असतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. त्या आकड्याला घाबरून पुष्कळ जणी दहाव्या दिवशी सोडून देतात. वजनकाटा तीन महिने नजरेआड ठेवा. पाळी बंद होण्याआधी ती शेवटची नियमित होती तेव्हाचं वजन आठवा, सहसा त्याच्या आसपास ती परतते. झोप, मूड आणि अंगातली ऊब काही आठवड्यांत सुधारते, पाळीला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त, हाडांना वर्षं. आणि एक गोष्ट सांगायची राहून जाते : बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर येते. पाळी नाही म्हणून गर्भ राहणार नाही असं धरून चालू नका.

एक केळं वाढवायच्या विचाराने घशात गोळा येत असेल, खाल्ल्यावर ते ‘फेडायला’ धावावंसं वाटत असेल, लोकांसमोर जेवण टाळत असाल, तर हे आकडे एकटीने अमलात आणायचा आग्रह धरू नका. खाण्याच्या विकारांचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाची मदत पहिल्या दिवसापासून घ्या. अ‍ॅप मग बंदच करा.

१४ आठवड्यांवरची मॅरेथॉन सोडा. फ्रॅक्चर नसलं तरी. हे वाचायला कठीण जाईल, कळतंय आम्हाला. पण पायाला विश्रांती आणि मग हळूहळू बांधणी यात ते आठवडे संपतील, आणि ४२ किमीचा सराव तुटीत राहून करायचा म्हणजे हाच खड्डा खोल करायचा. चालताना आणि एका पायावर उडी मारताना सलग काही दिवस अजिबात दुखत नाही, डॉक्टरांची परवानगी आहे, खाणं ठरल्याप्रमाणे जातंय, असं झाल्यावर एक मिनिट धावणं-एक मिनिट चालणं, एक दिवसाआड. पहिल्या टप्प्यात आठवड्याला ३०-३५ किमीच्या पुढे नको. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. जोराचा सराव सर्वांत शेवटी.

प्रशिक्षकांशी वजनावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना दोन गोष्टी सांगा : पाच महिने पाळी नाही आणि हाडाची तपासणी चालू आहे, परत कधी धावायचं ते डॉक्टर ठरवतील. ऑलिम्पिक समितीची २०२३ ची मूल्यमापन पद्धत हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा चार पायऱ्यांत धोका ठरवते. डॉक्टरांना विचारून तुमची पायरी प्रशिक्षकांना लेखी द्या. त्यानंतरही ते दोन किलोंचं टुमणं लावत असतील तर प्रशिक्षक बदला.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या : पहिली पाळी कितव्या वर्षी आली, शेवटची कधी, मधल्या वर्षभरात किती आल्या, कुठली संप्रेरकं घेतलीत का, वजन कसकसं बदललं, आधीची हाडांची दुखापत, घरात आई-आजीला हाडं ठिसूळ झाल्याचा इतिहास, एका साध्या दिवसाचं आणि एका रविवारचं खाणं वेळेसकट, आणि गेल्या चार आठवड्यांचे किलोमीटर. तो कागद स्त्रीरोगतज्ज्ञ, ऑर्थोपेडिक आणि आहारतज्ज्ञ तिघांनाही तोच दाखवा.